खारकेची डावी बाजू

प्रेमदान चौकातल्या सिग्नलला मी गाडीत थांबले होते. रामहरी मला फोनवर सांगत होता की तो तबेल्यात आहे, माझ्या घोडीला, खारकेला, खरारा करतोय. आणि नेमका तेव्हाच तो मला समोरच्या मेडिकल दुकानाच्या पायऱ्या उतरताना दिसला. कानाला मोबाईल, दुसऱ्या हातात कागदाची लहानशी पुडी. "व्हय ताई, हितंच हाय. खाल्लं तिनं. सगळं बेस हाय," तो म्हणाला. एका टेम्पोचा हॉर्न मला एकदा काचेबाहेरून आणि एकदा फोनमधून ऐकू आला. मी "बरं" म्हणाले. त्याने फोन बंद केला, पुडी शर्टाच्या खिशात घातली, खिशाचं बटण लावलं आणि वरून एकदा हाताने चाचपून पाहिलं. सिग्नल सुटला तरी मी तशीच बसून होते. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले तेव्हा कुठे गिअर पडला.

लॅबमध्ये आले, सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली, आणि एकाच पेशंटच्या पेशी तीनदा मोजल्या. पंचवीस वर्षं हेच काम करतेय. लोक डॉक्टरांना काहीही सांगोत, काचेवरचं रक्त मला जे आहे ते दाखवतं, म्हणून मला ते आवडतं. आणि इथे एक माणूस, ज्याच्या हाती मी माझी घोडी सोपवली होती, तो काही गरज नसताना खोटं बोलला होता. 'नगरमध्ये आलोय, औषध घ्यायला' असं तो सहज म्हणू शकला असता. मी काय म्हणणार होते? खोटं मोठं असतं तर मला इतकं लागलं नसतं. मोठ्या खोट्याला कारण असतं. हे इतकं लहान होतं की त्याच्यामागे काहीतरी उभं असणारच, असं मला वाटत राहिलं.

खारीक पुण्याहून आली त्याला दोन वर्षं झाली. शर्यतीच्या तबेल्यातली, शर्यतीला मंद ठरलेली, सहा वर्षांची घोडी. रंग वाळलेल्या खारकेचा, म्हणून हे नाव. मी तेव्हा चव्वेचाळीसची होते आणि घोड्यावर बसायला लागून मला तीनच वर्षं झाली होती. लहानपणी भिंगारला एकदा, बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसलेली असताना, तारेच्या कुंपणापलीकडे एक बाई घोड्यावरून अडथळा ओलांडताना दिसली होती. उडी कशी होती ते मला आठवत नाही. उडीआधी घोडा आणि बाई दोघंही गप्प झाल्यासारखी दिसली, तेवढं आठवतं. ते मला कधीतरी करून पाहायचं होतं. सोलापूर रस्त्याला, शहरापासून अकरा किलोमीटरवर, आबासाहेब नावाच्या एका बागायतदारांच्या माळावर जागा मिळाली, आणि त्यांनीच रामहरीला आणलं. कर्जतकडचा, अठ्ठावन्न वर्षांचा, एका खासगी स्टडवर, घोड्यांच्या पैदास केंद्रावर, बावीस वर्षं घोडे शिकवलेला माणूस. त्याने खारकेला आधी जमिनीवरच्या दांड्यावरून चालायला शिकवलं, मग दुडक्या चालीने ओलांडायला, मग वीतभर उंचीवरून, मग गुडघाभर. घाई नाही, आवाज चढवणं नाही. मी त्याच्यावर पहिल्या आठवड्यातच विश्वास टाकला होता, आणि आता मला त्याचाच राग येत होता, इतक्या लवकर टाकला म्हणून. डिसेंबरमध्ये पुण्याला नवशिक्यांची स्पर्धा होती. ऐंशी सेंटीमीटरचे आठ अडथळे. मी नाव दिलं होतं.

एकदा संशय आला की मागच्या साध्या गोष्टीही उठून उभ्या राहतात. जुलैपासून रामहरी मला एकाच बाजूने अडथळ्यावर न्यायला सांगत होता. "उजवीकडनं वळवून आना, ताई. दर बारीला उजवीकडनंच." मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, "तिची ती बाजू मोकळी हाय." त्याच सुमारास खारीक माझ्या हाताला दचकायला लागली होती. मी डावीकडून मानेवर हात ठेवला की अंगभर शहारा यायचा, मान झटकन वर जायची. रामहरी जवळ गेला की मात्र शांत. मग पुढच्या डाव्या पायाच्या नळीवर मला एक आडवी खूण दिसली, केस गेलेली, बोटभर लांब. "दांडा लागला आसंल," तो म्हणाला आणि लगेच पाण्याची बादली उचलून निघून गेला. खोगिराच्या खोलीत दाराआड एक बांबू होता, सहा फुटी, टोकाला कापड गुंडाळलेला. असे बांबू कशासाठी असतात ते मला पुण्यातल्या एकाने सांगितलं होतं. घोडा उडी मारतो तेव्हा दोन माणसं दोन बाजूंना उभी राहून त्याच्या नळ्यांवर बांबू हाणतात. घोड्याला वाटतं दांडा लागला, तो पुढच्या खेपेला पाय आणखी वर घेतो. काही दिवसांत उडी सुधारते. मार कुणी दिला हे घोड्याला कळत नाही, फक्त कुठल्या बाजूने आला ते कळतं. लॅबमधल्या काचेसारखं सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं, आणि मी ते वाचलं. तो माझ्यामागे तिला मारत होता. पुडीत मार झाकायचं मलम असणार.

मी त्याला विचारलं नाही. का नाही विचारलं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं, आणि मला सांगितलेलं काहीच नको होतं. कुणी काही सांगायला लागलं की माझं लक्ष शब्दांवरून उडतं आणि त्यांच्यामागच्या खोलीत काय चाललंय ते ऐकायला लागतं. हे मला विसाव्या वर्षापासून लागलेलं आहे. तेव्हा मी पुण्याला होस्टेलवर होते, परीक्षा चालू होती, आणि रोज संध्याकाळी नगरला घरी फोन करायचे. बाबा उचलायचे. आई शेजारी गेलीय. आई आत्ताच झोपली. आई न्हाणीत आहे. बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते, त्यांचं बोलणं स्वच्छ, मुद्देसूद; खोटंही ते नीट टाइप केल्यासारखं बोलायचे. अठरा दिवस. मागून भांड्यांचे आवाज यायचे, कुणीतरी खोकायचं, एकदा एक अनोळखी बाई म्हणाली, "पाणी आणखी कोमट करा." मी ते ऐकलं आणि पुस्तक उघडलं. शेवटचा पेपर शनिवारी झाला, मामा न्यायला आला, आणि मी पोचले तेव्हा आई दोन दिवसांपासून बेशुद्ध होती. सोमवारी गेली. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून तिनंच सांगितलं होतं, कळवू नका, असं सगळे म्हणाले. तिनंच, हा शब्द प्रत्येकाने उच्चारला.

चौकातल्या त्या दिवसानंतरच्या रविवारी रामहरी पुढचा अडथळा लावत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती, आणि मी खारकेला मुद्दाम डावीकडून वळवलं. मला पाहायचं होतं. ती वळली, तीन पावलं नीट आली, आणि दांडा जणू जमिनीतून उगवल्यासारखा समोर आला तेव्हा त्याला बिचकली. चारी पाय रोवले. मी तिच्या खांद्यावरून पलीकडे गेले आणि मनगटावर पडले. तोंडात माती, कानात टापा. रामहरी धावत आला, आणि मला लागलं का ते विचारण्याआधी म्हणाला, "डावीकडनं कशाला वळवली?"

त्याचा चेहरा मी बघून ठेवला. घाबरलेला नव्हता. सापडलेल्या माणसाचा होता.

मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. बाबांनी पट्टी बघितली आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. ते आता एकोणऐंशीचे आहेत, सावेडीच्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहतात. मी त्यांना सगळं सांगितलं, फोन, पुडी, बांबू. ते म्हणाले, "माणूस दोन वर्षं नीट वागलाय ना?"

"नीट वागल्यासारखा दिसलाय."

"निवू, प्रत्येक गोष्ट उकरायची नसते. काही वेळा माणूस बऱ्यासाठीच गप्प बसतो."

"कुणाच्या बऱ्यासाठी?"

यावर त्यांनी पेपर पुन्हा उघडला. मला ते नवीन नव्हतं. पण पेपरमागून त्यांचा हात दिसत होता, आणि तो हात पान उलटायचं विसरला होता.

बुधवारी दुपारी मी लॅब सहकाऱ्याकडे सोपवली आणि न कळवता माळावर गेले. गाडी आबासाहेबांच्या विहिरीपाशीच लावली, तिथून उसाच्या कडेने चालत. ऊन कडक होतं, उसाची पाती पट्टीत अडकत होती. चोरासारखं चालताना मला लाज वाटली नाही, उलट एक प्रकारचं सुख होतं. ते मी इथे लिहून ठेवते. सुबाभळींच्या आड उभी राहिले. रामहरीने खारकेला लांब दोरीवर घेतलं होतं, वर खोगीर नाही, कुणी नाही. उजव्या हातात दोरी, डाव्या हातात तो बांबू. मी मोबाईल काढला, चित्रण सुरू केलं. ती डावीकडून वळून अडथळ्याकडे येत होती, आणि त्याने बांबू उचलला.

तिला नाही मारला. दांड्यावर मारला. टक, टक, टक, हळू, सारख्या अंतराने, दार वाजवावं तसा. खारकेचे कान पुढे झाले. मान तिरकी करून ती आली, आवाजाकडे, आणि रामहरी म्हणाला, "आता, बाई." ती उठली. पाय गरजेपेक्षा फार वर घेतले होते तिने, उडी ओबडधोबड होती, पलीकडे जवळजवळ अडखळलीच. पण ओलांडलं. तो तिच्या जवळ गेला, बोलत बोलत, डाव्या बाजूला जाण्याआधीच आवाज देत. मानेवर कपाळ टेकून उभा राहिला.

मी बाहेर आले तेव्हा मोबाईल अजून चालूच होता. त्याने मला पाहिलं, मग मोबाईल पाहिला.

"काय करताय तुम्ही हे?" मी म्हणाले.

"शिकवतोय."

"बांबूनं?"

मग त्याने दोरी आखूड केली, खारकेचं तोंड माझ्याकडे केलं आणि बाजूला झाला. "डाव्या डोळ्याम्होरं हात न्या, ताई. बोलू नगा. वारा लागंल आसा न्हाई, सावकाश."

मी नेला. डोळ्यापासून चार बोटांवर हात हलवला. उन्हात तो डोळा जरासा निळसर दिसत होता, दुधात थेंबभर नीळ पडावी तसा, आणि त्यात माझा हात दिसत होता, पट्टीसकट. पापणी हलली नाही. पुन्हा नेला. मग उजवीकडून नेला, तर तिने लगेच मान मागे घेतली.

"कधीपासून?"

"डोळ्यातनं पानी जुनात यायला लागलं. तुमाला बोल्लो हुतो, माशी बसली म्हनून. मला बी आदी त्येच वाटलं." त्याने खिशाचं बटण काढलं आणि पुडी माझ्या हातात दिली. डोळ्यात घालायचे थेंब. "स्टडवर ह्येच घालायचे. हितं मिळंना, म्हनून नगरला जात हुतो."

"आणि मला त्या घोडीवर बसवत होतात."

"उजवीकडनं. उजवीकडनं तिला समदं दिसतं."

"मी पडले, रामहरी."

"व्हय. त्ये माझं चुकलं." तो खाली बघत होता. मग त्याने सांगितलं. स्टडवर असताना एका घोड्याचा असाच डोळा गेला होता. याने मालकाला जाऊन सांगितलं, चांगल्या मनाने. तिसऱ्या दिवशी घोडा विकला. दोन वर्षांनी श्रीगोंद्यात एका लग्नाच्या वरातीत त्याला तो दिसला. "अंगावर दिव्याची झूल, म्होरं बँजो, दोनी बाजूला फटाके. त्येचा दुसरा डोळा बी गेल्ता तवा. उभा हुता, ताई. निसता उभा हुता, समद्या अंगानं कापत. मी नावानं हाक मारली तर त्येनं कान हालवला." त्याने खारकेच्या कपाळावरचे केस सारखे केले. "तुमाला सांगितलं आसतं, तर तुमी ठिवली आसती हिला?"

मी ठेवली असती, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण जूनमध्ये मी नुकतंच स्पर्धेला नाव दिलं होतं. जूनमधली मी कोण होते, तिने काय केलं असतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. ते ठरवायची संधीच मला मिळाली नव्हती, आणि राग आला तो याचाच. "ते मी ठरवायचं होतं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर लीना आल्या, जनावरांच्या डॉक्टर, तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत प्रकाश टाकला, बराच वेळ पाहिलं. डोळ्याला आतून सूज येते, जाते, पुन्हा येते, आणि दर खेपेला थोडी नजर घेऊन जाते, असं त्यांनी सांगितलं. डावा गेला. उजवा चांगला आहे, पण आता कायम लक्ष ठेवायचं. नळीवरची खूण दांड्याचीच, जुनी. एका डोळ्याचे घोडे उडी मारतात, पण अंतर नव्याने शिकतात. आणि वर बसणाऱ्याला ते माहीत असायला हवं. मग पुडी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "थेंब चुकीचे नाहीत. पण जूनमध्येच मला बोलावलं असतं, तर थोडी नजर कदाचित वाचली असती."

रामहरी पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर बसला. डॉक्टरांची गाडी रस्त्याला लागली तरी तो तसाच बसून होता, दोन्ही हात मांड्यांवर उपडे ठेवून. माझ्या मनात एक क्षण आलं की हेही सोंग असेल, मी त्याला जा म्हणू नये म्हणून. मग मला माझाच कंटाळा आला. पण तो विचार गेला नाही. "आज घरी जा," एवढंच मी म्हणाले, आणि थेंबांची पुडी माझ्या पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी बाबांना चहा दिला आणि सांगितलं. मारत नव्हता, लपवत होता. बाबा म्हणाले, "म्हणजे माणूस वाईट नव्हता."

"नव्हता. पण त्याने लपवलं म्हणून तिचा डोळा गेला, कदाचित. आईचं तरी वेगळं होतं. तिनं स्वतः ठरवलं होतं."

बाबांनी बशीत चहा ओतला. तो प्यायले नाहीत. साय धरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तो थांबला तेव्हा ते म्हणाले, "तिनं नव्हतं ठरवलं."

मी माझा कप खाली ठेवला.

"मी ठरवलं. मामाला, सगळ्यांना सांगितलं, असं म्हणा म्हणून. म्हणजे तू कुणावर चिडणार नाहीस. गेलेल्या माणसावर कुणी चिडत नाही."

"ती काय म्हणायची?"

"विचारायची. रोज दुपारी. निवूचा पेपर आज कितीला सुटतो." त्यांचा आवाज अजूनही तसाच होता, स्वच्छ, मुद्देसूद. "मी सांगायचो, पाचला. मग ती पाचपर्यंत जागी राहायची. तुझा फोन साडेसहाला यायचा."

मी कपबशी उचलली, आत नेली, धुतली. पुसली. पुन्हा धुतली. पंचवीस वर्षं मी आईवर रागावले होते आणि मला ते कळलंही नव्हतं. तो राग आता हातात धरून मी ओट्याशी उभी होते आणि तो कुठे ठेवायचा ते समजत नव्हतं. बाबा बाहेर खुर्चीत खूप लहान दिसत होते. त्यांना जेवायला वाढलं. ते भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवत होते. मी म्हणाले, "जेवा."

पुण्याच्या स्पर्धेतलं नाव मी शुक्रवारी काढून घेतलं. रविवारी सकाळी माळावर गेले तेव्हा रामहरी आधीच आलेला होता. खोगीर पुसून ठेवलेलं, तबेला झाडलेला, आणि दाराशी त्याची कपड्यांची पिशवी. "किल्ली द्याची हुती," तो म्हणाला.

मी किल्ली घेतली नाही. म्हणाले, "दांडा जमिनीवर ठेवा. एकच."

मग त्याने जाऊन दांडा ठेवला, दोन्ही टोकांना माती लावून घट्ट केला. मी खारकेच्या डाव्या बाजूने गेले, बोलत बोलत, काय बोलायचं ते न सुचून रस्त्यावरच्या पाट्या वाचल्यासारखी: चालले, इथे आले, हा माझा हात. तिचा शहारा अर्ध्यातच थांबला. मनगट अजून दुखत होतं. वर बसले आणि डावीकडून वळवलं. तिच्या पाठीत दांड्याआधी दहा पावलांवर काहीतरी आखडलं, आणि माझ्या बोटांतही. आधी कुणाच्या, ते सांगता येणार नाही. लगाम ओढावा असं सगळ्या हाताला वाटत होतं. ती थांबली. मी तिला थांबू दिलं. ती खाली वास घेत राहिली, मातीचा, लाकडाचा. मी "आता" म्हणाले, आणि ती हलली नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. तिने एक पाय उचलला, हवेत धरला, पलीकडे ठेवला. मग दुसरा. मग मागून लाकडाचा आवाज आला आणि दांडा थोडासा घरंगळला. मला वर बसून काही दिसत नव्हतं. मी मान वळवली नाही.

रामहरी दांड्यापाशी वाकला होता. "लागला, ताई," तो म्हणाला. "मागचा डावा. खुराच्या वर, थोडं सोललंय."

मी खाली उतरले, आणि तरीही वाकून स्वतः पाहिलं. थोडं सोललं होतं. तितकंच.

"धुऊ या," मी म्हणाले. "मग पुन्हा लावा."